निसरड्याचं पंचांग



मे संपत आला. वळवाचे पाऊस सुरू झाले, मृग तोंडावर आहे. या दिवसांत मोटरसायकल घसरण्याबद्दल बोलावं, असं मी संयोजकांना मुद्दाम सुचवलं. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. आपल्या भागात मोटरसायकल ही हौसेची वस्तू नाही. पहाटे तिच्यावरून डेअरीला दूध जातं, दुपारी खताचं पोतं येतं, संध्याकाळी तिच्यावरच बायको-पोरांना घेऊन माणूस पाहुण्यांकडे जातो. त्यामुळे ती घसरली की एका घराचं सगळंच थांबतं.

गाडी घसरली की आपल्याकडे दोनच कारणं निघतात. एक नशीब, आणि दुसरं म्हणजे पोरगं जोरात होतं. वेग हे कारण आहेच, त्यावर मी येणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट ठामपणे मांडतो. आपल्या तालुक्यातले रस्ते वर्षाच्या ठरावीक दिवसांत, ठरावीक जागी, ठरावीक कारणानं निसरडे होतात. ते कधी आणि कुठं होणार हे आपल्याला आधी कळू शकतं. आणि त्या रस्त्यावर जे पडलेलं असतं, त्यातलं बरंचसं आभाळातून आलेलं नसतं, ते आपल्याच कामधंद्यातून सांडलेलं असतं.

वळवापासूनच सुरुवात करू. जानेवारीपासून मेपर्यंत डांबरावर गाड्यांचं ऑइल ठिबकत राहतं, टायरचं रबर झिजून बसतं, वर धुळीचा थर चढतो. पहिली सर आली की या सगळ्याचा पातळ लेप तयार होतो. जोरात अर्धा-पाऊण तास पडला तर तो वाहून जातो. पण नुसता शिडकावा होऊन थांबला तर लेप तिथंच राहतो. म्हणून वळवाची पहिली दहा-पंधरा मिनिटं जुलैच्या झडीपेक्षा वाईट. नेमकं त्याच वेळी भिजू नये म्हणून माणूस ॲक्सिलरेटर पिळतो. माझं सांगणं असं आहे की पहिल्या सरीला गाडी कडेला घ्या, एखाद्या टपरीच्या पत्र्याखाली थांबा, रस्ता धुऊन निघू द्या. चौकात, बसथांब्यापाशी, सिग्नलजवळ हा लेप सर्वांत जाड असतो, कारण गाड्या तिथं उभ्या राहतात आणि ठिबकतात.

डिझेलचं वेगळं सांगायला हवं. टाकी काठोकाठ भरून ट्रक किंवा ट्रॅक्टर पंपातून बाहेर पडतो आणि पहिल्याच वळणावर झाकणाच्या कडेनं डिझेल हिंदकळून सांडतं. पेट्रोल उडून जातं, डिझेल राहतं. ओल्या रस्त्यावर त्याची इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते, कोरड्यावर नुसता काळपट ओघळ. पंपाजवळचं वळण आणि वर्तुळाकार चौक या दोन ठिकाणी तो ओघळ डोळ्यांनी शोधायची सवय लावून घ्यावी. वास आला तर तोही इशाराच आहे.

आषाढ-श्रावणात पाऊस रस्ता धुतो खरा, पण नदी घाण आणून टाकते. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते आणि आंबोलीचा पाऊस महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या पावसांपैकी. तिकडं कोसळला की इकडं ऐनापूर, निलजी, नांगनूरचे बंधारे पाण्याखाली जातात. पाणी चढलेलं असताना त्यावरून गाडी घालू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी काही जण घालतात. मला जास्त काळजी वाटते ती पाणी उतरल्यानंतरच्या दिवसाची. बंधारा उघडा दिसतो, लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि काँक्रीटवर बोटभर मऊ गाळ बसलेला असतो. ऊन पडलं की वरची साय वाळते, खाली ओलंच असतं. त्यावर ब्रेक लागत नाही. बाजूला कठडाही नसतो. अशा ठिकाणी मागच्या माणसाला उतरवून, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून सावकाश न्यावी. आणि त्याहून बरं म्हणजे ग्रामपंचायतीनं गाळ खरवडून धुतल्याशिवाय तो रस्ता खुलाच करू नये.

आंबोलीचा विषय निघालाच आहे. शनिवार-रविवारी इथली पोरं संकेश्वर-बांदा रस्त्यानं आजऱ्यावरून धबधब्याला जातात. जरूर जावं. पण घाटात डोंगराकडचं पाणी रस्ता ओलांडून दरीकडं जातं आणि जिथं ते सतत वाहतं तिथं शेवाळ धरतं. वळणाच्या आतल्या कडेला तर हमखास. शिवाय पांढरे पट्टे. रंगाचा जाड थर ओला झाला की डांबराच्या मानानं फारच गुळगुळीत होतो. तीच गोष्ट पुलाच्या सांध्यातल्या लोखंडी पट्टीची आणि गटाराच्या झाकणाची. ती ओलांडताना गाडी सरळ असावी, कललेली नसावी, ब्रेकवर नसावी.

दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघतं, नाचणी निघते. खळी मोडली गेली, आता रस्ताच खळं झालाय. शेतकऱ्याची अडचण मला समजते. जागा नाही, मजूर नाही, वरून जाणाऱ्या चाकांनी मळणी फुकट होते. पण सोयाबीनच्या गोल दाण्यांवर चाक गेलं की रबराचा डांबराशी संबंधच तुटतो. पसरलेल्या पिकाच्या कडेला ठेवलेले दगड रात्री तसेच राहतात. गावोगाव एखादं सिमेंटचं सामायिक खळं बांधणं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम आहे.

आणि मग ऊस. यावर मी जरा थांबणार आहे, कारण हा या तालुक्याचा प्राण आहे आणि निसरड्याचा सर्वांत लांब हंगामही हाच. नोव्हेंबरपासून पुढं चार-पाच महिने हरळीच्या कारखान्याकडं, आजऱ्याच्या गवसेकडं, संकेश्वरकडं डबल ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. यातून रस्त्यावर तीन गोष्टी येतात. पहिली, शेतातून बाहेर पडणाऱ्या चाकांची माती. पूर्वेकडच्या काळ्या रानात पाणी पाजून चार दिवस झालेले असतात, ट्रॅक्टर रुततो, ओढून काढतात, आणि त्याच्या चाकांच्या खाचांतली राड पुढं शे-दोनशे मीटर डांबरावर पडत जाते. पहाटे तिच्यावर दव पडतं. दूध घेऊन निघालेला माणूस नेमका तेव्हाच तिथून जातो. दूधवाल्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना कॅन, आतलं दूध हिंदकळतंय, तोल आधीच अवघड. आकाश निरभ्र, महिना डिसेंबर, त्यामुळे रस्ता ओला असेल असं त्याच्या मनातही येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाला आणि सुटलेली कांडी. गाड्यांखाली चिरडून पाल्याचा लगदा होतो. तिसरी मळी आणि प्रेसमड. वाहताना टँकर किंवा ट्रॉली गळकी असेल तर चिकट ओघळ पडतो. वाळला की चिकटतो, भिजला की निसरतो.

यावर उपाय साधे आहेत. शेताच्या तोंडाशी वीस-पंचवीस फूट मुरूम किंवा पाला अंथरला तर बरीच माती तिथंच झडते. ट्रॉली रस्त्यावर आली की चालकानं उतरून खोऱ्यानं चाकं खरवडावीत; पाच मिनिटं लागतात. पडलेली माती फड संपल्यावर झाडून घ्यावी. तोडणी-वाहतुकीचा करार करतानाच कारखान्यानं हे कलम घालावं आणि आपल्या हद्दीतले मुख्य रस्ते हंगामभर रोज सकाळी झाडून घेण्यासाठी माणसं लावावीत. सार्वजनिक रस्त्यावर धोका निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. पण पोलिसांपर्यंत जायची वेळ येऊ नये, हे शेजाऱ्यांनी आपसात करायचं काम आहे.

आता चालवणाऱ्याकडं येऊ. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडं गणित सोसा. मोटरसायकलचं एकेक चाक रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतं. तेवढ्या जागेतली पकड हीच आपली शिदोरी. ब्रेक लावला की त्यातली काही संपते, वळलो की काही संपते, आणि दोन्हींना एकदम पुरेल एवढी ती नसते. म्हणून वळणाच्या आधी सरळ असताना वेग कमी करायचा, वळताना ब्रेकला हात लावायचा नाही.

ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सतरा मीटर गेलेली असते. त्यानंतर कोरड्या चांगल्या डांबरावर ती साधारण वीस मीटरात थांबते. ओल्यावर पस्तीस लागतात. ओल्या मातीच्या थरावर सत्तर मीटरही पुरत नाहीत असं होऊ शकतं. वेग ४० वर आणला तर ओल्या रस्त्यावर ब्रेकनंतरचं अंतर सोळा मीटरवर येतं. वेग एक तृतीयांशानं कमी केला आणि अंतर निम्म्याहून खाली आलं. हे वेगाच्या वर्गाचं गणित आहे, आणि ते चालवणाऱ्याचा अनुभव कितीही असला तरी बदलत नाही.

आपल्याकडे पुष्कळ जण नुसता पायाचा ब्रेक वापरतात. लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा दाबलास तर उलटशील. खरं असं आहे की ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं. नुसता मागचा करकचून दाबला की मागचं चाक अडकतं आणि गाडी आडवी फिरते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत, गाडी सरळ असताना, ही पद्धत रिकाम्या मैदानावर सराव करून अंगात मुरवावी लागते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यात चाक अडकू लागलं की यंत्रणा दाब सोडते-धरते. त्याखालच्या गाड्यांना सीबीएस असतं, ते दोन्ही चाकांत ब्रेक वाटून देतं, पण चाक अडकण्यापासून वाचवत नाही. आपल्या गावांत बहुतेक गाड्या शंभर-एकशेदहा सीसीच्या, त्यांतल्या कित्येक २०१९ च्या आधीच्या. म्हणजे यंत्रणेचं काम बोटांनीच करायचं आहे.

टायरबद्दल थोडक्यात. कायद्यानं दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर हवी. मी म्हणतो पावसाळ्याआधी त्याच्या दुप्पट तरी असावी. त्या खाचांतूनच पाणी बाहेर फेकलं जातं. टायरला आठशे-हजार रुपये जास्त गेले म्हणून कुरकुरणारा माणूस मोडलेल्या खुब्यासाठी जमिनीचा तुकडा गहाण टाकतो, हे आपण पाहतो.

मागं बसणाऱ्या आयाबायांविषयीही सांगतो. एकीकडे पाय टाकून, मांडीवर मूल घेऊन बसलं की भार एका बाजूला जातो आणि गाडी घसरू लागल्यावर आधाराला काही राहत नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसावं, यात लाजण्यासारखं काही नाही. सलवारीवर जमतं, साडीवर अवघड जातं हे मला मान्य आहे. निदान पकडायला दांडी आणि चाकाला साडीची जाळी असलीच पाहिजे, ती नियमानंही बंधनकारक आहे. आणि हेल्मेट मागच्यालाही. चार वर्षांवरच्या मुलालाही.

रस्त्याच्या मालकांची जबाबदारी मी सोडलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ कलम आलं. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं तर संबंधितांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला. म्हणून रस्त्यावर खडी पसरून ठेवलेली, डांबर वितळून वर आलेलं, साईडपट्टी खचलेली दिसली की तारखेसह फोटो काढा आणि लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

शेवटी, कुणी घसरून पडलाच तर. आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, कारण जिथं एक घसरला तिथंच दुसरा घसरणार. १०८ ला फोन करा. तो बोलत असेल आणि श्वास नीट असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान वळवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. पोलिसांच्या भीतीनं मागं सरकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायचं की नाही हे त्यानंच ठरवायचं असतं. मग रुग्णवाहिका गेली की जवळच्या शेतातून दोन पाट्या माती किंवा राख आणा आणि ज्या डिझेलवर, ज्या राडीवर तो घसरला त्यावर टाकून रस्ता झाडून घ्या.