स्वागताच्या ओळीमागे

(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड देऊन आत गेलो की आपल्या नावानिशी स्वागताची ओळ दिसते. ओळ छोटी आहे; परंतु ती कोठून येते आणि तिच्यावर किती विसंबावे, हे प्रत्येकाने समजून घेणे गरजेचे आहे.

सर्व्हर मुळात विसरभोळा असतो. एक पान दिले की मागणारा कोण होता, हे तो विसरतो. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ ही युक्ती काढली. पूर्वी बँकेत चेक दिल्यावर पितळी टोकन मिळत असे, तसेच हे आहे. पासवर्ड बरोबर ठरला की सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक खूण देतो. पुढचे प्रत्येक पान मागताना ब्राउझर ती दाखवतो व सर्व्हर तिच्यावरून आपले नाव शोधतो. खूण नसेल, तर ‘लॉग-इन करा’ एवढेच दिसते.

या ओळीचा एक मोठा उपयोग आहे. सार्वजनिक संगणकावर दुसऱ्याचे नाव दिसले, तर त्याचे खाते उघडे राहिले आहे, हे लगेच कळते. अशा वेळी प्रामाणिकपणे ‘लॉग-आउट’ करावे.

संकेतस्थळे तयार करायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावे. नावाचे पान सर्वांसाठी साठवून ठेवू नये. २५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या खेळांच्या संकेतस्थळावर साठवणीतील चुकीमुळे काही जणांना दुसऱ्यांच्याच खात्यांची पाने दिसली होती.

आता महत्त्वाचा मुद्दा. नावाने हाक मारली म्हणजे ओळख पटली, असे नव्हे. आपले नाव व मोबाईल नंबर किती ठिकाणी लिहून दिलेला असतो! भामटाही बनावट पानावर आपल्या नावाने स्वागत करू शकतो. म्हणून काही बँकांनी ग्राहकाने स्वतः निवडलेले वाक्य किंवा चित्र दाखवण्याची पद्धत आणली. परंतु २००७ साली हार्वर्ड व एमआयटी येथील संशोधकांनी प्रयोगादाखल ते चित्र काढून टाकले, तेव्हाही बहुतेकांनी पासवर्ड देऊन टाकला! खूण होती, पण ती पाहणारी नजर नव्हती.

तेव्हा मित्रहो, बँकेचा पत्ता स्वतः टाईप करा, मेसेजमधील लिंकवरून जाऊ नका. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. आणि एवढे घरी जाऊन आई-वडिलांनाही समजावून सांगा. त्यांची आयुष्यभराची पुंजी त्या एका पानामागे आहे. शिकलेल्याने न शिकलेल्याला सावध करणे, हाच शिक्षणाचा खरा उपयोग होय.