नायट्रोजनवर उरलेला हायड्रोजन

अमोनियाच्या रेणूत एका नायट्रोजन अणूला तीन हायड्रोजन अणू जोडलेले असतात. या तिघांपैकी एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजन काढून त्यांच्या जागी मिथिल, एथिल, फिनिल यांसारखे कार्बनयुक्त गट बसवले, की जी संयुगे मिळतात त्यांना अमाइने म्हणतात. या कुळाची वर्गवारी करण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे, आणि तो म्हणजे नायट्रोजनवर हायड्रोजन किती उरले. दोन उरले असतील तर अमाइन प्राथमिक, एक उरला असेल तर द्वितीयक आणि एकही उरला नसेल तर तृतीयक. ही मोजणी वरवर पाहता केवळ सोयीची वाटते. पण पदार्थ किती अंशांना उकळेल आणि पाण्यात कितपत मिसळेल, याचा बराचसा अंदाज तिच्यावरूनच बांधता येतो.

पॅरिसमध्ये शार्ल अदोल्फ वुर्ट्‌झ यांनी 1849 मध्ये मिथिलअमाइन आणि एथिलअमाइन ही साधी अमाइने प्रथम तयार केली. मिथिलअमाइन वासाने आणि अल्कधर्मी गुणाने अमोनियाच्या इतके जवळचे, की फरक सांगणारी एक ठळक खूण म्हणजे ते हवेत सहज पेट घेते. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांनी अमोनियावर एथिल आयोडाइडची क्रिया घडवून त्यातील हायड्रोजन पायरीपायरीने बदलता येतात हे दाखवले, आणि त्या कामातून ही वर्गवारी पक्की झाली. तिन्ही जागा भरल्यावरही नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी राहते. तिच्यावर चौथा गट बसला तर मिळणारे संयुग अमाइन न राहता चतुर्थक अमोनियम लवण होते, म्हणजे मिठासारखा आयनी स्थायू.

विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो अल्कोहोलांमुळे. अल्कोहोल प्राथमिक की तृतीयक हे ठरवताना ऑक्सिजन ज्या कार्बनला जोडलेला असतो त्या कार्बनकडे पाहतात, तर अमाइनाच्या बाबतीत थेट नायट्रोजनकडे. त्यामुळे टर्शरी-ब्युटिल अल्कोहोल हे तृतीयक अल्कोहोल ठरते, आणि त्याच सांगाड्यावर हायड्रॉक्सिल गटाऐवजी अमिनो गट बसवून मिळणारे टर्शरी-ब्युटिलअमाइन मात्र प्राथमिक अमाइन ठरते, कारण त्याच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन शाबूत असतात.

नामकरणाच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. रूढ रीतीत जोडलेल्या गटांची नावे सांगून शेवटी अमाइन म्हणायचे, जसे डायमिथिलअमाइन किंवा एथिलमिथिलअमाइन. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत हीच नावे चालतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत सर्वांत लांब कार्बनसाखळी मूळ धरून तिच्या नावापुढे अमाइन लावतात आणि नायट्रोजन कितव्या कार्बनवर आहे तो आकडा देतात, म्हणून प्रोपेन-1-अमाइन आणि प्रोपेन-2-अमाइन हे वेगळे पदार्थ. नायट्रोजनवर आणखी एखादा गट असेल तर त्याच्या आधी ‘एन’ हे अक्षर येते, आणि एथिलमिथिलअमाइनचे नाव एन-मिथिलएथॅनामाइन असे होते. अ‍ॅनिलीनसारख्या जुन्या नावांपुढे मात्र या पद्धतीनेही हात टेकले आहेत. 1826 मध्ये ओट्टो उन्फरडॉर्बेन यांना निळीच्या ऊर्ध्वपातनातून जो द्रव मिळाला, त्याला पुढे निळीच्याच पोर्तुगीज नावावरून अ‍ॅनिलीन म्हणू लागले आणि ते नाव आजही मान्य आहे.

भौतिक गुणधर्मांत सर्वांत बोलका आहे तो उत्कलनबिंदू. तीन कार्बन, नऊ हायड्रोजन आणि एक नायट्रोजन हे एकच सूत्र असलेली अमाइने चार आहेत आणि प्रत्येकाचा रेणुभार 59 आहे. त्यांपैकी सरळ साखळीचे प्राथमिक प्रोपिलअमाइन सुमारे 48 अंश सेल्सिअसला उकळते, द्वितीयक एथिलमिथिलअमाइन सुमारे 37 अंशांना, आणि तृतीयक ट्रायमिथिलअमाइन अवघ्या 3 अंशांना. वजन तेच असताना इतका फरक पडतो तो हायड्रोजन बंधामुळे. नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतील नायट्रोजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीकडे ओढला जातो, रेणू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांना सुटे करण्यासाठी अधिक उष्णता लागते. तृतीयक अमाइनाकडे मोकळी जोडी असते, पण पुढे करायला हायड्रोजन नसतो. म्हणून त्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ त्याच वजनाच्या ब्युटेनच्या, म्हणजे उणे अर्ध्या अंशाच्या आसपास येऊन थांबतो. उलट 1-प्रोपॅनॉल हे तोलामोलाचे अल्कोहोल 97 अंशांपर्यंत तग धरते, कारण ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा अधिक विद्युतऋण असल्यामुळे त्याचे हायड्रोजन बंध अधिक बळकट असतात. नियम तरीही आंधळेपणाने लावण्याचा नाही. चौथे अमाइन, आयसोप्रोपिलअमाइन, प्राथमिक असूनही सुमारे 32 अंशांनाच उकळते, कारण त्याच्या फाटे फुटलेल्या आकारामुळे रेणू एकमेकांना नीट बिलगत नाहीत.

या आकड्यांची झळ कारखानदारीला थेट लागते. मिथिलअमाइने बनवताना मिथेनॉल आणि अमोनिया यांची वाफ सुमारे 400 अंशांना उत्प्रेरकावरून नेतात, आणि बाहेर पडते ते प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक या तिन्हींचे मिश्रण. त्यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे उणे 6, अधिक 7 आणि अधिक 3 अंश, म्हणजे सर्वांत जड असलेले ट्रायमिथिलअमाइन मधल्या जागी बसते. शिवाय ते अमोनियाबरोबर असे मिश्रण बनवते, की साध्या ऊर्ध्वपातनाने दोघे वेगळे होत नाहीत. त्यासाठी दाब बदलावा लागतो किंवा मनोऱ्यात पाणी सोडावे लागते. सोलापूरजवळच्या तामलवाडीत आणि पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे अमाइनांचे मोठे कारखाने आहेत, आणि अशा उद्योगात उंच ऊर्ध्वपातन मनोऱ्यांना जे महत्त्व येते ते या चारदोन अंशांच्या अंतरामुळे.

विद्राव्यतेचे गणित थोडे वेगळे आहे. पाणी स्वतः हायड्रोजन देऊ शकत असल्यामुळे तृतीयक अमाइनही त्याच्याशी बंध जोडते, आणि साधारण सहा कार्बनांपर्यंतची अमाइने पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात. त्यापुढे कार्बनसाखळीचा तेलकट स्वभाव वरचढ ठरतो. अ‍ॅनिलीन तर 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळते. सर्वांत गमतीचे वर्तन ट्रायएथिलअमाइनचे. सुमारे 18 अंशांच्या खाली ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, पण तेच नितळ मिश्रण किंचित कोमट केले की गढूळ होते आणि थोड्या वेळाने दोन थर वेगळे दिसतात. तापवल्यावर विद्राव्यता वाढावी ही सर्वसाधारण अपेक्षा येथे उलटते, कारण उष्णतेने पाणी आणि अमाइन यांच्यातील हायड्रोजन बंध सैल पडतात.

वासाच्या बाबतीत या कुळाची कीर्ती चांगली नाही. समुद्री माशांच्या स्नायूंत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हा गंधहीन पदार्थ असतो. मासा मेल्यावर जीवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि शिळ्या मासळीचा तो ओळखीचा वास पसरतो. गोड्या पाण्यातील माशांत हा पदार्थ फारच कमी असतो. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे आमसूल किंवा चिंच चवीबरोबर हेही काम करते, की तिच्यातील आम्ल अमाइनाच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीला एक प्रोटॉन देते, त्याचे लवण होते, आणि लवण हवेत उडत नसल्यामुळे नाकापर्यंत पोचत नाही. औषधनिर्माते हीच क्रिया वेगळ्या हेतूने वापरतात. अमाइन द्रव असेल, हवेत काळवंडत असेल किंवा पाण्यात नीट विरघळत नसेल, तर हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचे टिकाऊ, स्फटिकरूप आणि बहुधा विद्राव्य लवण करून घेतात. सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावर सेटिरिझिन डायहायड्रोक्लोराइड असे छापलेले असते, त्यातील ‘डाय’ हे सांगतो, की रेणूतील दोन तृतीयक नायट्रोजनांनी प्रत्येकी एक प्रोटॉन घेतला आहे.