खुळखुळणारी टाकी

समुद्राखाली उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो, असा माझाही समज होता. मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेणारा माझा भाचा हसला. म्हणाला, "मामू, आपण सगळे घेतो तीच हवा. फक्त दाबून भरलेली." ११ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते.

एकदा त्याच्या मालकाने जुनी पोलादी टाकी आणली. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. सगळी हवा सोडून, दाब उतरल्याची खात्री करून भाच्याने व्हॉल्व्ह काढला आणि टाकी उलटी केली. तपकिरी भुगा पडला. मालक म्हणाला, "भर रे, चालतं." याने भरली नाही. नोकरी जायची वेळ आली होती.

गंज म्हणजे लोखंडाने खाल्लेला ऑक्सिजन. आत ओल राहिलेली टाकी बंद पडून राहिली, तर काट्यावर हवा दिसते, पण तिच्यातला ऑक्सिजन घटलेला असू शकतो. आणि गंमत, खरं तर भीती, अशी की, गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तो तर श्वासागणिक बाहेर पडतच असतो. म्हणून कसलीही सूचना न मिळता माणसाची शुद्ध हरपते. तीही पाण्याखाली!

टाक्या साफ करायचं तयार यंत्र महाग. याने बहिणीच्या पडवीत स्वतःच केलं. होडीच्या जुन्या फळीवर दोन लोखंडी नळ्या, त्यांवर सायकलच्या ट्यूबचं रबर, टोकांना बेअरिंग, भंगारातल्या वॉशिंग मशीनची मोटर आणि वेग उतरवायला लहानमोठ्या पुल्या. टाकीत खास चिनी मातीचे कठीण खडे निम्म्यापर्यंत भरायचे, पाणी आणि थोडा साबण घालायचा, तोंड बंद करून टाकी नळ्यांवर आडवी ठेवायची. तासन्‌तास हळूहळू फिरत राहते. खडे गंज घासून काढतात. ॲसिड वापरायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद.

पण खरं काम पुढेच. गरम पाण्याने धुतलेलं उघडं पोलाद ओलं राहिलं, तर बघता बघता पुन्हा तांबूस होतं. म्हणून टाकी उलटी टांगायची आणि बारीक नळीने थेट तळापर्यंत कोरडी हवा सोडायची. ती आणायची कुठून? भरलेल्या दुसऱ्या टाकीतून! कॉम्प्रेसरच्या गाळणीतून आलेली ती हवा कोरडीच असते. रेग्युलेटरने दाब उतरवला की झालं. मला ही युक्ती फार आवडली.

ती टाकी मात्र वाचली नाही. गंज निघाल्यावर दिवा आत सोडला, तर तळाशी खोल खड्डे दिसले. एवढा दाब अशा पोलादाने सोसायचा कसा? पुन्हा कुणी भरू नये म्हणून भाच्याने ती कापूनच टाकली. मालक दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आणखी दोन टाक्या पाठवून दिल्या.

परवा गेलो तेव्हा पडवीत खडखडाट चालू होता, आणि दुपारची झोप गेली म्हणून बहीण मुलाला बोल लावत होती.