नाव मोठे, ताट छोटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी करंजाडे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आरोग्य, बचत, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर व्याख्याने होतात. मी आज हॉटेलातल्या जेवणावर बोलणार आहे. मागच्या रांगेत हसू फुटलेले दिसते. हसा, पण ऐका. कारण हा प्रश्न जिभेच्या चोचल्यांचा नाही. आपल्या पैशाचा आणि आपल्या मानाचा आहे.

घरी रोज दोन वेळा दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला, वर्षातून एकदा आपल्यालाही कोणी आयते वाढावे असे वाटले, तर ती चैन म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. आपल्या आज्यांच्या काळी बाईने हॉटेलात पाऊल टाकणेही अवघड होते; गेलीच तर 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड बसायचे. आज आपण ताठ मानेने दर्शनी टेबलाशी बसतो. ही सुधारणा चांगलीच आहे. म्हणूनच ते जेवण फसले की नुसते पैसे जात नाहीत, वर्षभर जपलेली हौसही जाते.

आपले करंजाडे आता पूर्वीचे राहिलेले नाही. गावठाणाच्या शेजारी सिडकोची वसाहत उभी राहिली. २५ डिसेंबर २०२५ पासून जवळच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. आजूबाजूला झगमगती उपाहारगृहे निघत आहेत. अशाच एका ठिकाणी आम्ही अकरा जणी भिशीच्या पैशातून गेलो होतो. त्याचे नाव मी सांगणार नाही. कोणाची बदनामी करण्याचा हेतू नाही.

त्या जागेची कीर्ती मोबाईलवर घरोघरी पोहोचलेली होती. पितळी कंदील, भिंतीवर वारली चित्रे, मंद दिवे, सारे देखणे. मात्र मंद दिव्यांत आमच्यातल्या थोरल्या आजींना मेनू वाचता येईना, आणि गाण्याच्या आवाजात एकीचे बोलणे दुसरीला ऐकू येईना. पाऊण तासाने ताटे आली. तांदळाच्या भाकरीचे चार त्रिकोणी तुकडे पापडासारखे कडक करून उभे मांडलेले, शेजारी चमचाभर ठेचा आणि वर फुलाची पाकळी. सोलकढीला रंग होता, पण नारळाचा दाटपणा नव्हता. आजींनी तुकडा मोडून पाहिला आणि विचारले, "जेवण यायचंय ना अजून?"

भगिनींनो, तांदळाची भाकरी म्हणजे काय हे आपल्या आगरी भगिनींना कोणी शिकवायला नको. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून आधी उकड काढावी लागते, गरम असतानाच मळावी लागते. तव्यावरून उतरली की ती मऊ असते. तासाभराने तीच ताठ होते, कारण पिठातला पिष्टमय अंश थंड होताना घट्ट होत जातो. म्हणून भाकरी आधी करून ठेवण्याची वस्तूच नव्हे. तिथे मात्र सारे आधी करून ठेवलेले आणि आयत्या वेळी मांडलेले.

वाढणारा मुलगा कोकणातला होता. आजींनी त्याला विचारले, "बाळा, तुझी आई अशी भाकरी करते का रे?" तो हळूच म्हणाला, "नाही आजी. पण आम्ही इथं बोलायचं नसतं."

त्याने बोलायचे नाही हे मी समजू शकते. त्याची नोकरी आहे. पण आपण का बोलत नाही? "एवढे मोठे हॉटेल, लोक एवढे नावाजतात, आपल्यालाच कळत नसेल," असे म्हणून आपण गप्प बसतो. ज्या हातांनी तीस-तीस वर्षे स्वयंपाक केला, त्यांना चव कळत नसेल तर कोणाला कळेल?

आता ही कीर्ती होते कशी तेही पाहा. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून तीत उत्तम उपाहारगृहांना तारे देण्यास सुरुवात केली. तिचे परीक्षक ओळख न देता जातात आणि आपले बिल आपण भरतात. आपल्या मोबाईलवर वाहवा करणारी मंडळी पुष्कळदा फुकट जेवून किंवा मोबदला घेऊन बोलतात. असा मोबदला किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते स्पष्ट सांगितले पाहिजे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले आहे. तेव्हा स्तुती ऐकताना विचारावे, या गृहस्थांनी पैसे कोणाचे मोडले?

याउलट मुंबईच्या गिरणगावातली खाणावळ आठवा. एका खोलीत बाई चूल पेटवी आणि गिरणीकामगार महिन्याच्या बोलीवर जेवत. तिथे कंदील नव्हते की चित्रे नव्हती. आमटी पातळ झाली तर पुढच्या महिन्याला माणूस दुसरीकडे जाई. याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. रोज जेवणाऱ्या माणसाचे समाधान, एवढेच त्या बायकांचे भांडवल होते.

आता बिलाकडे वळते. खाण्याचे ६,४०० रुपये. त्यावर दहा टक्के 'सेवा शुल्क' ६४० रुपये. या बेरजेवर पाच टक्के जीएसटी ३५२ रुपये. एकूण ७,३९२, म्हणजे दरडोई ६७२ रुपये. जीएसटी हा सरकारचा कर, तो दिलाच पाहिजे. सेवा शुल्क मात्र कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आहे की ते बिलात आपोआप लावू नये आणि ग्राहकावर त्याची सक्ती करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी उपाहारगृहांच्या संघटनांच्या याचिका फेटाळून हे म्हणणे उचलून धरले. आमच्यातल्या एका वहिनींनी हे शांतपणे सांगितले. मॅनेजर म्हणाले, "हा इथला नियम आहे." वहिनी म्हणाल्या, "मग भाऊ, तो लेखी द्या." लेखी काही आले नाही; नवे बिल आले, ६,७२० रुपयांचे. ६७२ रुपये वाचले, म्हणजे बरोबर एका बाईचा वाटा. त्यातलेच काही त्या मुलाच्या हातावर ठेवले, कारण सकाळपासून तो उभा होता आणि दोष त्याचा नव्हता.

शेवटी माझ्या चार सूचना. जाण्यापूर्वी फोनवर पदार्थांचे दर आणि सेवा शुल्क विचारा. पदार्थ थंड किंवा शिळा वाटला तर पहिल्या घासालाच सांगा. ताट संपवून तक्रार करू नये. बिल ओळ न् ओळ वाचा. त्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असावा लागतो, तोही पाहा. आणि दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आवाज चढवण्याची गरज नाही. माहिती असलेल्या बाईचा हलका आवाजही ऐकला जातो.

हॉटेलात जाऊच नका, असे मी मुळीच म्हणत नाही. अवश्य जा, मैत्रिणींसह जा. जिथे गरम आणि मनापासून वाढतात तिथे उघड शाबासकी द्या, मग ती टपरी असो की महाल. आणि आवडले नाही तर तेही तितक्याच उघडपणे सांगा. आपल्या मंडळाच्या फलकावर एक कोपरा यासाठी राखावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. स्वतः पैसे भरून जेवलेल्या बायकांचे मत तिथे लिहिलेले असेल; शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते नक्की उपयोगी पडेल.