फोन परत पाठवायचा असतो

मी बेळ्ळंदूरहून बोलतोय. सैन्यात तीस वर्षं काढली, आता सहावा मजला, बाल्कनी आणि खाली आऊटर रिंग रोडचा ट्रॅफिक. आयोजक म्हणाले, सीमेवरचा एखादा प्रसंग सांगा. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज माझ्या भाच्याच्या धंद्याबद्दल बोलणार आहे. धंदा हा त्याचाच शब्द.

तो इथेच एका कंपनीत इंजिनिअर होता. 2019 मध्ये त्यानं राजीनामा दिला आणि मोबाइल, लॅपटॉप, अ‍ॅप्स यांवर लिहायला लागला. कुठल्या वर्तमानपत्राची नोकरी नाही. लेखामागे मिळेल ते मानधन, आणि स्वतःचा मराठी ब्लॉग. साताऱ्याहून बहिणीचा फोन आला, "दादा, तो तुझंच ऐकतो. समजाव त्याला."

मी गेलो समजवायला. पेन्शन नाही, कँटीन नाही, आजारपणाला ईसीएचएस नाही, हे काय करिअर? त्यानं मला अमित अगरवाल यांचं उदाहरण दिलं. रुरकीचे इंजिनिअर. 2004 साली हैदराबादची नोकरी सोडून आग्र्याला गेले आणि घरी बसून 'डिजिटल इन्स्पिरेशन' हा ब्लॉग लिहू लागले. भारतातले पहिले पूर्णवेळ ब्लॉगर म्हणून त्यांचं नाव घेतात. आदल्याच वर्षी गूगलचं अ‍ॅडसेन्स सुरू झालं होतं. लेखाशेजारी जाहिरात लागते आणि त्यातला वाटा लिहिणाऱ्याला मिळतो. म्हटलं, अरे, ते इंग्रजीत लिहितात. तर म्हणाला, "मामा, 2018 पासून अ‍ॅडसेन्सला मराठीही चालते." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला खटकत होतं वेगळंच. घरात फुकटचे फोन यायचे. कंपनीचा फोन घेणार आणि कंपनीबद्दल खरं लिहिणार, हे कसं? तो म्हणाला, फोन पंधरा दिवसांनी परत जातो.

हे मात्र मला लगेच कळलं. सैन्यात नवीन उपकरण घेण्याआधी युजर ट्रायल होते. विक्रेता स्वतःच्या खर्चानं माल आणतो. आपण पैसे देत नाही, घेण्याचा शब्दही देत नाही. त्याला 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' म्हणतात. अशाच एका ट्रायलवर मी होतो, राजस्थानात, मे महिन्यात. उपकरण कुठलं ते सांगत नाही. दुपारी ते तापून बंद पडायचं. मी तसं लिहिलं. 'किंचित सुधारणेस वाव' असं लिहावं, असं काहींनी सुचवून पाहिलं. मी ऐकलं नाही. ही गोष्ट मी भाच्याला दहा वेळा तरी ऐकवली असेल.

मग आला सप्टेंबर 2022. तळी ओसंडली, रिंग रोड पाण्याखाली गेला, आयटीतली मंडळी ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला निघाली. भाच्याला सगळे एकच विचारत होते, फोन वॉटरप्रूफ होता, मग बंद कसा पडला? त्यानं लिहिलं: 'आयपी' पुढचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठ असेल तर किती खोल आणि किती वेळ, ते कंपनीच ठरवते. चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते, गटाराच्या नाही. आणि पाण्यानं झालेली बिघाड बहुतेक वॉरंटीत बसत नाही. तो लेख खूप फिरला.

त्याच सुमारास परीक्षणाला आलेला एक फोन त्यानं बादलीत ठेवला, कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेतच. स्पीकर गेला. कंपनीच्या माणसाचा फोन आला: ते वाक्य काढा, वर्षभराच्या जाहिरातीचं बघू. नेमकं तेव्हाच बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं.

मी त्याला म्हणालो, "एकच वाक्य आहे रे. काढून टाक."

तो वर बघून म्हणाला, "मामा, ट्रायल रिपोर्टमधलं तुम्ही काढलं असतं?"

मी चहा अर्धा टाकून घरी आलो. मला पेन्शन होती, ट्रायलच्या वेळी पगार चालू होता. मी न घाबरता लिहिलं त्यात पगाराचा वाटा किती, हा विचार तोवर मी केलाच नव्हता.

वाक्य राहिलं. त्या कंपनीनं पुन्हा फोन पाठवला नाही, आणखी दोघांनी बंद केले. सहा महिने वाईट गेले. ऑपरेशनचे पैसे मी दिले. ते तो हप्त्यानं फेडतोय, नको म्हटलं तरी.

आता सरकारही हाच भेद करतं. 1 जुलै 2022 पासून वर्षात वीस हजारांवरच्या भेटवस्तूंवर दहा टक्के टीडीएस आहे. फोन ठेवून घेतला तर तो लाभ, परत केला तर नाही. म्हणून तो प्रत्येक कुरिअरची पावती फाइलला लावतो. कुरिअरच्या दुकानात मीच जातो, तेवढंच चालणं होतं. परवा तिथला मुलगा विचारत होता, "सर, एवढे फोन विकता कुठे?"