टर्कीचे वाण आणि त्यांची आनुवंशिक विविधता
(टर्कीपालकांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



आपल्याकडे काहींनी हौसेपोटी, तर काहींनी जोडधंदा म्हणून टर्की पाळल्या आहेत. खाद्य, निवारा, लसीकरण याविषयी आपण नेहमी विचारता. पण आपल्या कळपातील नर कोठून आला, तो माद्यांचा भाऊ तर नाही ना, हे फारसे कोणी विचारीत नाही. आज त्याविषयीच बोलणार आहे. त्यासाठी प्रथम अमेरिकेत काय घडले ते पाहू, कारण टर्की तिकडचीच.

टर्की माणसाळली ती मेक्सिकोत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी काही पक्षी युरोपात नेले. तेथे वाढलेले पक्षी पुढे वसाहतवाल्यांबरोबर पुन्हा अमेरिकेत आले आणि तिथल्या रानटी टर्कीशी त्यांचा संकर झाला. त्यातून ब्राँझ, नॅरागॅन्सेट असे वाण तयार झाले. पुढे बर्बन रेड, स्लेट, रॉयल पाम असे आणखी वाण आले. हे पक्षी हळू वाढत, पण रानात चरून पोट भरत, नैसर्गिक समागम करीत आणि पिल्लेही स्वतः सांभाळीत. आपल्या गावरान कोंबडीसारखेच म्हणा ना.

मग बाजार बदलला. ग्राहकाला छातीचे मांस जास्त हवे होते. म्हणून रुंद छातीचे पक्षी निवडत गेले. काळ्या पिसांची खुंटे सोललेल्या पक्ष्याच्या कातडीवर डाग सोडतात, म्हणून पांढरा रंग पसंत पडला. १९६० च्या दशकापर्यंत ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट हा एकच प्रकार सगळीकडे पसरला. त्याचे वजन झपाट्याने वाढते, यात शंका नाही. परंतु नर इतका जड आणि रुंद की त्याला मादीवर धड चढता येत नाही. पिढी पुढे चालवायची तर कृत्रिम रेतनच करावे लागते. त्यामुळे पैदास शेतकऱ्याच्या हातून गेली. आज जगातील बहुतेक व्यापारी टर्कीचे मूळ पैदास कळप दोन मोठ्या कंपन्यांकडे आहेत. शेतकरी पिल्ले विकत घेतो, वाढवतो, विकतो आणि पुन्हा पिल्ले विकत घेतो.

याचा परिणाम किती खोल गेला पाहा. १९९७ साली अमेरिकेत वर्षाला तीस कोटींच्या आसपास टर्की वाढविल्या जात होत्या. त्याच वर्षी अमेरिकन लाइव्हस्टॉक ब्रीड्स कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जुन्या वाणांची मोजणी केली. तेव्हा सगळ्या जुन्या वाणांचे मिळून पैदाशीचे पक्षी भरले अवघे १,३३५! लोक जागे झाले, चवीसाठी जादा दर देणारे ग्राहक मिळाले आणि २००६ पर्यंत ही संख्या सुमारे ८,८०० वर गेली. म्हणजे खाणाऱ्यांनी मागणी केली म्हणून हे वाण वाचले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही पाळीव टर्कीतील विविधता इतर पाळीव जनावरांपेक्षा कमी असल्याचे दिसले.

कोणी म्हणेल, रानात लाखो टर्की आहेत, त्यांचे रक्त आणू. आणता येईल, पण त्याबरोबर रानटीपणा आणि हलके वजनही येईल. ते काढून टाकण्यात कितीतरी पिढ्या जातील.

आता आपल्याशी संबंध असलेली गोष्ट. अमेरिकेच्या कृषी खात्याने बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात १९३४ ते १९४१ या काळात लहान कुटुंबासाठी एक छोटा, पांढरा वाण तयार केला. त्याचे नाव बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट. १९५० च्या दशकात त्याचा मोठा बोलबाला होता. पण व्यापाऱ्यांना जड पक्षी फायद्याचा वाटला आणि लहान पक्षी हवा असेल तर ब्रॉड ब्रेस्टेडची कोवळी मादी कापून काम भागू लागले. वीस वर्षांत हा वाण बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याच वाणाचे रक्त आपल्याकडे मात्र आहे. चेन्नईतील नंदनम येथे तयार झालेली 'नंदनम टर्की-१' ही काळी देशी टर्की आणि बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट यांच्या संकरातून आली. जड वाणांपेक्षा बेल्ट्सव्हिलची अंडी जास्त, उबवणूक चांगली आणि मादी खुडूक बसण्याचे प्रमाण कमी. घरच्या घरी पैदास करणाऱ्याला असाच पक्षी परवडतो.

पण घरच्या घरी पैदास करायची तर हिशेब ठेवावा लागतो. गावात वर्षानुवर्षे एकच वळू फिरला तर कालवडींचे काय होते, हे आपणास ठाऊक आहे. टर्कीची पिढी तर वर्षात बदलते. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याची चौपट करा आणि एकूण पक्ष्यांच्या संख्येने भागा. एक नर व दहा माद्या असतील तर उत्तर येते साडेतीनच्या थोडे वर. म्हणजे दिसायला अकरा पक्षी, पण वंशाच्या दृष्टीने चारसुद्धा नाहीत. अशा बंद कळपात दर पिढीला सुमारे १४ टक्के निकट प्रजनन होते. आधी उबवणूक घटते, मग पिल्ले मरतुकडी निघतात आणि आपण दोष देतो खाद्याला. त्याऐवजी चार नर व वीस माद्या ठेवल्या तर हेच प्रमाण चार टक्क्यांच्या आत राहते. मध्यम वाणात पाच माद्यांना एक नर पुरतो, तेव्हा हे प्रमाण सोयीचेही आहे.

ज्यांच्याकडे इतके पक्षी नाहीत त्यांनी तीन-चार जणांचा गट करावा आणि दरवर्षी नर एकमेकांत फिरवावेत. 'अ' चा नर 'ब' कडे, 'ब' चा 'क' कडे, 'क' चा 'अ' कडे, असा क्रम ठरवून घ्यावा आणि तो मोडू नये. आलेला नर तीन आठवडे वेगळा ठेवून मगच कळपात सोडावा. कोंबड्यांच्या खुराड्यात तर मुळीच ठेवू नये, कारण कोंबडीकडून टर्कीला ब्लॅकहेड रोग लागतो. पिल्लांच्या पायात रंगीत कडी घाला. कोणत्या रंगाचे पिल्लू कोणत्या नराचे, हे वहीत लिहा. अंडी किती बसविली, २८ दिवसांनी पिल्ले किती निघाली, हेही त्याच पानावर टिपून ठेवा. आपण कळप दाखवायला याल तेव्हा ही वही बरोबर आणावी.