शरीराचे राखणदार



एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी. आपल्या देवबागेस राखणदाराचे महत्त्व सांगावयास नको. शरीरातही पांढऱ्या पेशी राखण करतात. परंतु त्याच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटल्या, म्हणजे कोवळ्या मुलांस मधुमेह जडतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयारोपणाचे धाडस केले. परंतु परका अवयव हे राखणदार सुखासुखी नांदू देत नाहीत, म्हणून रोग्यास त्यांस आवरणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. राखणदारांसही आवरणाऱ्या पेशी शरीरातच असतात, हे जपानचे साकागुची यांनी १९९५ साली दाखविले. त्यांस २०२५ साली ब्रंकाव व रॅम्सडेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून उपाय निघेल तेव्हा निघो. तूर्त १९२२ सालापासून चालत आलेले इन्सुलिन हाच अशा मुलांचा प्राण होय. आमच्या एका विद्यार्थिनीचे इन्सुलिन घरच्यांनी झाडपाल्यावर विसंबून बंद केले. पोर बेशुद्ध पडली. दैव बलवत्तर म्हणून वाचली. हा रोग देवाचा कोप नव्हे, आईबापांचे पाप नव्हे. म्हणून सुई लपवू नका, चुकवू नका. आणि त्यापायी कोणा मुलीची सोयरीक मोडू नका, एवढीच आमची विनंती.